परवान्याची चाळणी आणि आकड्यांचा न्याय

(धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या सभेत दिलेले व्याख्यान)

आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेत पिस्तुलाचा परवाना बाळगणारे लोक किती गुन्हे करतात आणि बाकीची जनता किती करते, या हिशेबाशी नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांचा काय संबंध, असा प्रश्न आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला एका तरुणाने दिले, म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करतो.

हा तरुण आपल्यापैकीच. त्याच्या कुटुंबाने घरातील देवदेवता विसर्जित केल्या आणि गावकीची परंपरागत कामे करण्याचे सोडून दिले. तेव्हापासून गावातील काही मंडळींच्या डोळ्यांत हे घर सलू लागले. रात्री-अपरात्री दाराशी येऊन शिव्या देणे, बांधावरून भांडण उकरणे, असे प्रकार सुरू झाले. तो आपल्या थोरल्या भावाला घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, मला पिस्तुलाचा परवाना काढून द्या." थोरल्या भावाला हे पसंत नव्हते. त्यावर धाकट्याने खिशातून एक कागद काढला. अमेरिकेतील टेक्सास राज्यात परवानाधारक पिस्तूलवाले सर्वसामान्य जनतेपेक्षा कितीतरी कमी गुन्हे करतात, असे त्यावर आकड्यांनिशी लिहिले होते. "दादा, पिस्तूल हाती आले की माणूस जबाबदार होतो. हे मी सांगत नाही, आकडे सांगतात," असे तो म्हणाला.

बंधूंनो, त्या कागदावरील आकडे खोटे नव्हते. परंतु त्यांतून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र खरा नव्हता. खऱ्या आकड्यांतून खोटा निष्कर्ष कसा निघतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कारण याच रीतीने काढलेल्या निष्कर्षांनी आपल्या समाजाचे पूर्वी अपरिमित नुकसान केले आहे. कोणतीही गोष्ट केवळ ऐकीव आहे, परंपरेने आली आहे किंवा ग्रंथात लिहिली आहे एवढ्यावरून मान्य करू नका, ती स्वतः तपासून पाहा, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. आकड्यांच्या तक्त्यालाही हाच नियम लागू आहे.

प्रथम मूळ हकीकत पाहू. टेक्सास राज्याने १९९५ साली कायदा करून अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने देण्यास मंजुरी दिली आणि १९९६ च्या आरंभापासून ते परवाने अमलात आले. त्या राज्याचे सार्वजनिक सुरक्षा खाते दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करीत आले आहे. एकवीस वर्षांवरील किती माणसे कोणकोणत्या गुन्ह्यांत दोषी ठरली आणि त्यांपैकी परवानाधारक किती, हे त्यात दिलेले असते. २०११ सालचा तक्ता घ्या. त्या वर्षी एकूण ६३,६७९ दोषसिद्धी नोंदल्या गेल्या. त्यांत परवानाधारकांच्या केवळ १२०. त्या वर्षी चालू परवाने ५,१८,६२५ होते आणि एकवीस वर्षांवरील लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी होती. म्हणजे शंभर प्रौढांमागे परवानाधारक साधारण तीन. परवानाधारक माणूस इतरांइतकाच गुन्हे करणारा असता, तर त्यांच्या वाट्यास सुमारे एकोणीसशे दोषसिद्धी आल्या असत्या. आल्या एकशेवीस. लाखाच्या हिशेबाने मांडायचे तर परवानाधारकांत लाखामागे तेवीस आणि सर्व प्रौढांत लाखामागे सुमारे तीनशे साठ. पंधरा-सोळा पटींचा हा फरक आहे.

एवढा मोठा फरक पाहिल्यावर त्या तरुणासारखे कोणीही म्हणेल की, पिस्तुलाने माणसास शिस्त लावली. आता मी आपल्याला एक साधा प्रश्न विचारतो. रेल्वेचे इंजिन चालविणाऱ्यांची दृष्टी सर्वसामान्य माणसांच्या दृष्टीपेक्षा चांगली असते. यावरून इंजिन चालविल्याने दृष्टी सुधारते, असे आपण म्हणाल काय? म्हणणार नाही. कारण आपल्याला ठाऊक आहे की, ज्याची दृष्टी चांगली त्यालाच ती नोकरी मिळते. डोळ्यांची तपासणी आधी झाली, इंजिन नंतर हाती आले.

टेक्सासचा परवानाही असाच मिळत असे. अर्जदार सामान्यतः एकवीस वर्षे पुरा केलेला हवा. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला नको. गेल्या पाच वर्षांत कमी प्रतीच्या परंतु तुरुंगवासास पात्र अशा गुन्ह्यातही दोषी ठरलेला नको. दारूच्या किंवा मादक द्रव्याच्या आहारी गेलेला नको. मुलांच्या पोटगीची किंवा सरकारी कराची थकबाकी असलेला नको. बोटांचे ठसे द्यावे लागत, वर्गात बसून शिक्षण घ्यावे लागे, नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे, आणि २०११ साली पहिल्या परवान्याची फी १४० डॉलर होती. ही फी पुढे २०१७ साली ४० डॉलर झाली. म्हणजे ज्याच्या नावावर गुन्हा आहे तो दारातच अडला. ज्याला व्यसन आहे तो अडला. ज्याच्या गाठीस पैसा नाही किंवा कामावरून सुटी मिळत नाही तोही बहुधा अडला. या सर्वांना चाळणीवर ठेवून जे उरले, त्यांची तुलना चाळणीच न लागलेल्या साऱ्या जनतेशी केली गेली. त्या जनतेत काल तुरुंगातून सुटलेलाही आहे, व्यसनाधीनही आहे आणि पूर्वी अनेकदा शिक्षा भोगलेलाही आहे. चाळलेले पीठ आणि न चाळलेले पीठ शेजारी ठेवून, पहिल्यात कोंडा कमी आहे हे दाखविण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

म्हणून कोणीही दोन समूहांची तुलना आपल्यापुढे मांडली की तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. पहिला प्रश्न: या समूहात माणसे कोणी निवडली आणि कशी? दुसरा प्रश्न: मोजले काय आणि मोजले कोणी? तिसरा प्रश्न: तुलना ज्याच्याशी केली तो खरोखर तुलनेस योग्य आहे काय? टेक्सासच्या बाबतीत योग्य तुलना कोणती झाली असती? ज्याच्या नावावर गुन्हा नाही, व्यसन नाही, थकबाकी नाही, वय आणि उत्पन्न तेवढेच आहे, परंतु ज्याने परवाना घेतला नाही, अशा माणसाशी. ती तुलना त्या तक्त्यात नाही. त्यामुळे तो तक्ता एवढेच सांगतो की चाळणी बऱ्यापैकी काम करते. पिस्तुलाने काय केले, हे तो सांगत नाही.

परवानाधारकांवर मात्र अन्याय होऊ देऊ नका. ते लोक एकूण पाहता कायदा पाळणारे आहेत, ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. परवाने दिले की रस्तोरस्ती परवानाधारकांच्याच चकमकी होतील, असे भाकीत करणाऱ्यांना या तक्त्याने चूक ठरविले आहे. परंतु त्याच टेक्सासच्या २००१ ते २००९ या वर्षांतील दोषसिद्धींचा अभ्यास तेथील संशोधकांनी केला व तो २०१३ साली सार्वजनिक आरोग्याच्या एका मान्यवर अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की, परवानाधारक क्वचित दोषी ठरतात हे खरे; पण जे ठरतात त्यांच्या गुन्ह्यांत लैंगिक गुन्हे, शस्त्राचे गुन्हे आणि ज्यात कोणाचा मृत्यू झाला असे गुन्हे यांचे प्रमाण इतर दोषींच्या मानाने अधिक असते. चोरी-घरफोडी करणारा माणूस चाळणीत अडतो. पण राग, मत्सर आणि अहंकार यांचे ठसे कागदावर उमटत नाहीत. ते चाळणीतून सहज निसटतात.

आता दुसरा प्रश्न. परवानाधारक स्वतः गुन्हे कमी करीत असेल. परंतु परवाने मुक्तहस्ते वाटल्याने सर्व समाजातील गुन्हे कमी होतात काय? हा प्रश्न पहिल्याहून निराळा आहे, आणि पुष्कळ लोक दोहोंची गल्लत करतात. जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ साली ग्रंथ लिहून, होय, कमी होतात, असे प्रतिपादन केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ साली सारा पुरावा तपासला आणि त्यावरून कोणताही निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असा अभिप्राय दिला. पुढे २०१९ साली जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक वर्षांची आकडेवारी घेऊन दाखविले की, असा कायदा केल्यावर दहा वर्षांनी त्या राज्यांतील हिंसक गुन्हे, कायदा न करता जेवढे राहिले असते त्यापेक्षा तेरा ते पंधरा टक्के अधिक होते. असे कसे झाले? परवानाधारकाने गुन्हा केला पाहिजे असे नाही. त्याच्या मोटारीतून पिस्तूल चोरीला जाते, ते चोराच्या हाती पडते, आणि रस्त्यावर शस्त्रे वाढली म्हणून गुंडही शस्त्र घेऊन फिरू लागतो. एकट्या माणसाचा सज्जनपणा आणि साऱ्या वस्तीची सुरक्षितता या दोन गोष्टी एक नव्हेत.

येथे भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. कॅलिफोर्निया राज्यातील २००४ ते २०१६ या वर्षांचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. घरात ज्या दुसऱ्या कोणाच्या नावाने कायदेशीररीत्या घेतलेले पिस्तूल आहे, त्याच्यासोबत राहणाऱ्या प्रौढ माणसांचा खून होण्याचे प्रमाण, पिस्तूल नसलेल्या घरांतील माणसांच्या मानाने दुपटीहून अधिक आढळले. घरातच पती किंवा जोडीदाराच्या गोळीने मरण येण्याचे प्रमाण तर सुमारे सातपट होते, आणि अशा रीतीने मेलेल्यांत शंभरांपैकी चौऱ्याऐंशी स्त्रिया होत्या. हीही तुलनाच आहे, तिलाही आपले तिन्ही प्रश्न लागू आहेत, आणि दोन्ही प्रकारच्या घरांत इतर भेद असू शकतात. तरीही ज्या घरात शस्त्र आणावयाचे, त्या घरातील स्त्रीला विचारल्यावाचून तो निर्णय होऊ नये, एवढे सांगण्यास हा पुरावा पुरेसा आहे.

बंधूंनो, आतापर्यंत आपण चाळणीविषयी बोललो. आता ती चाळणी कोणाच्या हाती असते, हे पाहू. आपल्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा आहे.

ज्या १९५६ सालच्या ऑक्टोबरमध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी शहरी, बसमधील रंगभेदाविरुद्ध बहिष्कार चालू होता. त्याचे पुढारी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे होते. ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यानंतर डॉ. किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अलाबामाच्या कायद्यात परवाना "योग्य" व्यक्तीस द्यावा असे होते, आणि योग्य कोण, हे ठरविणे स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. अर्ज नामंजूर झाला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला तो धर्मोपदेशक परवान्यास योग्य ठरला नाही. पुढे डॉ. किंग यांनी घरातील शस्त्रे स्वतःहून दूर केली आणि शस्त्र घरात होते तेव्हाच आपल्याला अधिक भय वाटत होते, असे लिहून ठेवले. पण शस्त्र त्यागणे ही त्यांची इच्छा होती. परवाना नाकारणे हा त्यांच्यावरील अन्याय होता. या दोहोंतील फरक आपण विसरू नये.

हा अन्याय त्या देशात जुनाच होता. गुलामगिरी संपली त्याच १८६५ साली मिसिसिपी राज्याने कायदा केला की, मुक्त झालेल्या निग्रोने परवान्यावाचून बंदूक बाळगू नये. आणि परवाना देणारे मंडळ गोऱ्यांचे. अगदी अलीकडे, २०१६ सालच्या जुलै महिन्यात, मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय माणसाची गाडी पोलिसाने अडविली. त्याच्याजवळ रीतसर परवाना होता. पिस्तूल जवळ असल्याचे त्याने आपण होऊन पोलिसास सांगितले. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घालून ठार केले. पुढल्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. कागद तोच, परवाना तोच. पण कातडीच्या रंगाप्रमाणे त्याचा अर्थ बदलला.

आज परिस्थिती पालटली आहे. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा १९११ पासूनचा मर्जीवर चालणारा परवान्याचा कायदा रद्द ठरविला. निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याचीच अट उरलेली नाही. टेक्साससुद्धा २०२१ च्या सप्टेंबरपासून त्यांतीलच एक आहे. तेथे परवाना घेणे आता ऐच्छिक आहे. तेव्हा "परवानाधारक सज्जन असतात" हा जुना तक्ता दाखवून, विनापरवाना पिस्तूल बाळगणाराही तितकाच सज्जन असेल, असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवा. ज्या आकड्यांचे श्रेय चाळणीला होते, ते आकडे चाळणी काढून टाकल्यावर पुढे चालविता येत नाहीत.

आता आपल्या देशात परत येऊ. चाळणीने निवडलेला समूह चांगला दिसतो, तसा जाळ्याने पकडलेला समूह वाईट दिसतो. हे जाळे आपल्यावर टाकले गेले आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. पुढे त्यांची नावे नोंदवून घेण्यात आली, ठराविक वेळी हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, असे निर्बंध आले. आणि हजेरी चुकविणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. मग त्या गुन्ह्यांची मोजदाद करून, पाहा, या जमातीत गुन्हेगार किती अधिक, असे म्हणावयास सरकार मोकळे! ज्या गोष्टीसाठी दुसऱ्या कोणाला शिक्षा झाली नसती, ती गोष्ट गुन्हा ठरवून तिचे आकडे पुरावा म्हणून दाखविण्यात आले. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. परंतु त्याने लावलेला कलंक अजून पुष्कळ घरांचा पाठलाग करीत आहे.

आजही असेच घडते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या २०१९ च्या तुरुंगविषयक अहवालात मात्र शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांत हे प्रमाण पाचव्या हिश्शाहून अधिक आहे. हा आकडा दाखवून, तुमच्या जातींत गुन्हेगारीच अधिक, असे म्हणणारा सुशिक्षित माणूस तुम्हाला कचेरीत भेटेल, महाविद्यालयात भेटेल. त्या वेळी खाली मान घालू नका. तिन्ही प्रश्न त्याच्यापुढे मांडा. निवडले कोणी? पोलिसांनी आधी कोणाच्या वस्तीत धाड घातली? मोजले काय? घडलेले गुन्हे मोजले, की पकडलेली माणसे मोजली? तुलना कोणाशी? जामिनाची रक्कम ज्याच्याजवळ आहे, चांगला वकील ज्याला परवडतो, साक्षीदार ज्याच्या भावकीतले आहेत, त्याच्याशी? इतकी वर्षे फौजदारी कोर्टात उभे राहिल्यावर मी आपल्याला सांगतो की, तुरुंगाच्या दारातून आत जाणारा प्रत्येक जण केवळ गुन्ह्याच्या वाटेने तेथे पोहोचलेला नसतो; दारिद्र्याच्या वाटेने पोहोचलेलेही तेथे पुष्कळ असतात.

ही तर्कपद्धती आपल्या विरुद्ध वापरली गेली तेव्हा ती खोटी होती. मग पिस्तुलाच्या बाजूने वापरली गेली म्हणून ती खरी कशी होईल? न्यायाचा तराजू आपल्या सोयीप्रमाणे हलका-जड करता येत नाही.

तर मग परवाना घ्यावा की घेऊ नये? मी प्रथम कायदा सांगतो. आपल्या देशात शस्त्रास्त्रांचा कायदा १९५९ सालचा आहे. त्याने इंग्रजांचा १८७८ चा कायदा बाजूस सारला. या कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारल्यास अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदविली पाहिजेत, आणि सार्वजनिक हिताच्या आड येत नसल्यास मागणीप्रमाणे ती अर्जदारास कळविली पाहिजेत. १८ व्या कलमाप्रमाणे अपील करता येते. दुसरे असे की, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. त्यांतील तिसऱ्या नियमान्वये, ज्या भागात अत्याचाराचा संभव आहे तेथे, आवश्यक वाटल्यास, इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारजमा करणे, बेकायदा शस्त्रे जप्त करणे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना संरक्षणासाठी परवाने देणे, हे सरकारच्या प्रतिबंधक उपायांत सांगितले आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींचा दर्जा चालू राहतो. म्हणून धर्मांतराचे निमित्त सांगून कोणी आपल्याला या संरक्षणातून वगळू शकत नाही.

या नियमातील क्रम लक्षात घ्या. त्यात आपल्या हाती शस्त्र देण्याची गोष्ट आहे, पण तिच्या आधी धमकावणाऱ्याच्या हातचे शस्त्र काढून घेण्याची गोष्ट आहे. आपण ती मागणी कितीदा केली? परवान्याचा अर्ज लिहून घेण्यास माझ्याकडे लोक येतात. परंतु गावातील अमक्या बंदूकवाल्याचा परवाना तपासा, असा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करण्यास अद्याप फारसे कोणी आलेले नाहीत.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या आपल्या जातिभेद-निर्मूलनाच्या निबंधात दाखवून दिले आहे की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र नाकारले, आणि शस्त्र नसल्यामुळे ते बंड करू शकले नाहीत. म्हणून शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क आपण सोडावा, असे मी कदापि म्हणणार नाही. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील आपण ग्रहण केले आहे. पण मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात भेद केला आहे, हेही आपण जाणता. हक्क असणे ही एक गोष्ट आणि तो वापरणे शहाणपणाचे आहे काय, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा निर्णय संविधान आणि कायदा करील. दुसरीचा निर्णय आपण प्रज्ञेने करावयाचा आहे. अमेरिकेतील तक्त्याने नव्हे.

२००६ सालच्या सप्टेंबरमध्ये भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे आपल्याच एका कुटुंबातील चार जणांची जमावाने हत्या केली. जमाव दारात उभा राहतो तेव्हा एका पिस्तुलाने काय होणार, याचा विचार करा. आणि धमकीची पहिली फिर्याद जेथे वेळेवर नोंदली जाते, जेथे पोलिसांना आपल्या दिरंगाईचा जाब द्यावा लागतो, तेथे जमाव दारापर्यंत पोहोचतो काय, याचाही विचार करा. अत्याचाराच्या कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरासही शिक्षा सांगितली आहे. हे शस्त्र आपल्या हाती आहे, त्याला परवाना लागत नाही, आणि ते फारच थोड्यांनी उचलले आहे.

त्या तरुणाला मी काय सांगितले? मी म्हणालो, "परवान्याचा अर्ज करावयाचा असेल तर मी तो लिहून देतो, आणि अन्यायाने नाकारला गेला तर अपीलही चालवितो. पण त्याआधी तीन कागद करू. धमक्यांची फिर्याद, तारीखवार. संरक्षणासाठी पोलीस अधीक्षकांना अर्ज. आणि तिसऱ्या नियमाखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांना अर्ज. मग घरी जा, आईस आणि पत्नीस बसवून विचारा, आणि त्यांचे म्हणणे मला येऊन सांगा." त्याने ते तीन कागद केले. पोलीस पाटील स्वतः येऊन विचारपूस करून गेला, आणि रात्रीचे शिव्या देणे थांबले. बांधाचा तंटा अजून कोर्टात आहे. पिस्तुलाचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात कोरा पडून आहे. आईने होकार दिला नाही, असे तो सांगून गेला. उद्या गरज पडली तर तो कागद काढता येईल. तो हक्क कोठे जात नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपण जुना धर्म सोडला तो त्यातील अमुक वाक्य कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर तपासल्यावर ते अन्यायाचे आढळले म्हणून. आता आपल्यापुढे पोथ्यांऐवजी तक्ते येतील. कोणी आपल्याला भिवविण्यासाठी आणील, कोणी आपल्याला हिणविण्यासाठी, कोणी काही विकण्यासाठी. प्रत्येक तक्त्याला विचारा: निवडले कोणी, मोजले काय, आणि तुलना कोणाशी? आपल्या मुलांना पाढ्यांबरोबर हे तीन प्रश्नही पाठ करवा.